भिलाईच्या बांधांवरून

लेखन-संपादन हा माझा व्यवसाय, उघड्या रानात भटकणे हा छंद आणि भिलाई हे माझे गाव, असा परिचय करून दिला की ऐकणारे तिसऱ्या गोष्टीपाशी अडखळतात. भिलाई म्हणजे पोलाद! तेथे भटकावयाचे ते कोठे?

पोलाद खरेच. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परंतु आखीव सेक्टर मागे टाकून अर्धा तास सायकल हाकली, की भाताच्या बांध्या लागतात. चैत्रात पहाटे मोहाखाली बायकामुले टोपल्या घेऊन वाकलेली दिसतात. हिवाळ्यात मरोद्याच्या जलाशयावर पाणपक्षी उतरतात. तेथे माझे दोन-दोन तास सहज जातात.

ही भटकंती केवळ करमणूक नव्हे. माझ्या मेजावर येणाऱ्या हस्तलिखितांत ‘एक झाड फुलले होते’, ‘कुठलासा पक्षी ओरडला’ अशी वाक्ये पुष्कळ असतात. मी समासात लिहितो, ‘कोणते? कोणता?’ लेखक बिचारे रागावतात. परंतु असे विचारावयाचे तर मलाही उत्तर ठाऊक असावयास हवे, आणि येथे एकेका झाडाला दोन-तीन नावे! आपला पळस छत्तीसगढीत परसा होतो, अर्जुन कउहा, साल सरई. ही नावे मला गुरे राखणाऱ्या राऊतांनी शिकविली.

दोन भाषांत वावरणारे संपादक ह्या प्रदेशाला नवे नाहीत. १९५६ पर्यंत ह्या भागाचीही राजधानी नागपूरच होती. मराठीभाषी माधवराव सप्रे ह्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले; लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलत आणि कविता हिंदीत लिहीत. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. नागपुरात ‘नया खून’ साप्ताहिकाचे काम केल्यावर गजानन माधव १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले आणि तेथेच दोन तळ्यांच्या मध्ये राहिले.

वसाहतीतील मुलांना मात्र ह्या झाडांची नावे कोणत्याच भाषेत येत नाहीत, ह्याची मला खंत वाटते. ज्या आजोबांना ती येत होती, ते एकेक करून जात आहेत. म्हणून रविवारी चार-सहा मुलांना घेऊन मी निघतो. प्रत्येकाने पान वहीत चिकटवावयाचे आणि खाली आपल्या घरातले नाव घरी विचारून लिहावयाचे, एवढाच नियम. मोहाच्या पानाखाली एकीने ‘महुआ’ लिहिले, तेलुगू घरच्या मुलाने ‘इप्प’. एकाच्या घरी कोणालाच सांगता आले नाही. त्याने जागा कोरी सोडली आहे आणि गावी आजीला पत्र धाडले आहे.

पुढच्या रविवारी आगगाडीने राजनांदगावला जावयाचे आहे. तळ्याकाठी कोणती झाडे आहेत, ते मुलेच मला सांगणार आहेत.