मधली पायरी

२०१७ च्या दिवाळीत मी सांगलीला चार दिवसांची सुट्टी घेऊन गेले, ती फराळासाठी कमी आणि अण्णांच्या दुकानातल्या सर्व्हरसाठी जास्त.

सर्व्हर म्हणजे मोठं काही नाही. कॉलेजात असताना मीच एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी टाकून दिलं होतं. अण्णांचं डीटीपीचं दुकान; लग्नपत्रिका, बिलबुकं, कार्यअहवाल या सगळ्यांच्या फाईली त्याच्यावर. नंतर मी नोकरीला पुण्यात आले आणि मशीन विसरले. ते बिचारं ९.३ वर चालत राहिलं. त्या आवृत्तीचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१६ ला संपला, म्हणजे दहा महिने त्याला एकही सुरक्षा-दुरुस्ती मिळालेली नव्हती. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होणार होती. त्याआधी हे उरकायचं होतं.

तयार बायनरी अपडेटची सोय होती. पण कर्नल मी तेव्हा स्वतः कंपाईल केलेला (हौस, दुसरं काय!), म्हणून सोर्सवरूनच करायचं ठरवलं. फाईलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, ११.१ चा सोर्स उतरवला आणि ‘मेक बिल्डवर्ल्ड’ दिलं.

अर्ध्या तासात बिल्ड मेला.

या कमांडची रचना मला आवडते. ती आधी सध्याच्या सिस्टिमवर काही अवजारं बनवते, मग जुन्या कंपायलरकडून नवा कंपायलर बनवून घेते, आणि मग त्या नव्या कंपायलरने बाकी सगळी सिस्टिम. माझं गाडं अडलं ते दुसऱ्या टप्प्यावर. ९.३ चा नेहमीचा कंपायलर होता जीसीसी ४.२.१, म्हणजे २००७ चा. त्यानंतर जीसीसीचा परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेला, तो फ्रीबीएसडीच्या लोकांना नको होता, म्हणून ते तिथेच थांबले आणि हळूहळू क्लँगकडे वळले. पण ११ मधला क्लँग स्वतःच सी++११ मध्ये लिहिलेला. ते २००७ च्या जीसीसीला कुठून कळणार? त्याला तो पर्यायच ओळखता येईना.

मग मी ती फाईल उघडली जी सुरुवातीलाच उघडायला हवी होती. सोर्सच्या फोल्डरात ‘अपडेटिंग’ नावाची साधी मजकुराची फाईल असते, नव्या नोंदी वर, जुन्या खाली. ३१ डिसेंबर २०१४ च्या नोंदीत सगळं स्पष्ट होतं: क्लँग ३.५ बांधायला सी++११ जाणणारा कंपायलर आणि तशीच लायब्ररी लागेल. १० वर अडचण नाही, ९ वर आधी तयारी करा. जवळपास तीन वर्षं ती नोंद तिथे होती. मी न वाचता पुढे गेले.

सोपा मार्ग एकच दिसत होता: आधी १०, मग ११. दहाचा क्लँग ३.४ चा, तो जुना जीसीसी बांधू शकतो. म्हणजे पूर्ण सिस्टिम दोनदा बांधायची.

अण्णा शेजारी बसून बिलबुकाची पानं मोजत होते. मी चिडून म्हटलं, “ज्या आवृत्तीवर राहायचंच नाही, ती रात्रभर बसून बनवायची.”

“काय गं, मग?” ते म्हणाले. “पहिला कॉम्प्युटर आपण कशावर घेतला? ट्रेडलवर छापलेल्या पत्रिकांच्या पैशांवर. तेव्हाही मला माहीत होतं, खिळे जुळवायचं काम आता संपणार.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी लहान होते. मला वाटायचं, तो असाच आला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री १०.४ बांधून झालं. क्रम काटेकोर पाळला: आधी नवा कर्नल, मग रीस्टार्ट, मगच बाकीची सिस्टिम. नवा कर्नल जुने प्रोग्राम चालवून घेतो. जुन्या कर्नलवर नवे प्रोग्राम चालतीलच असं नाही. पाडव्याला ११.१ सुरू केलं. यावेळी कंपायलरचा टप्पा निमूट पार पडला. भाऊबीजेच्या सकाळी मशीन नव्या कर्नलवर उठलं आणि दुपारपर्यंत बाकीचंही झालं.

शेवटी एक कमांड जुन्या लायब्ऱ्या काढते आणि प्रत्येक फाईलसाठी विचारते, काढू का? मी दोन-तीनदा ‘वाय’ दाबलं आणि थांबले. सांबा अजून जुनाच होता, त्याच लायब्ऱ्यांवर उभा. तो गेला तर अण्णांच्या विंडोजवर एकही पत्रिका दिसणार नाही. आधी सगळी पॅकेजं नव्याने टाकली, मग उरलेलं काढलं.

“जुनं सगळं काढलंस?” अण्णांनी विचारलं.

“आता काढलं.”

त्यांनी श्रीलिपीतली एक पत्रिका उघडून पाहिली, मान हलवली आणि मोजलेली बिलबुकं घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथे ट्रेडल अजून आहे. नंबर त्याच्यावरच टाकतात.