मुंबईहून लंडन किती दूर?

माझी थोरली बहीण परिचारिका म्हणून लंडनला गेल्यापासून हा प्रश्न आमच्या घरीं रोज निघतो. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवली कीं रेघ इराकावरून जाते. परंतु शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा, तों तो उत्तरेस सरकून कॉकेशस पर्वताजवळून जातो! गोल पृथ्वी सपाट कागदावर जशीच्या तशी उतरत नाहीं, हें त्याचें कारण. दोऱ्याचें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. अर्थात् युद्धें व राष्ट्रांच्या सीमा यांमुळें विमानास त्या दोऱ्यानें हुबेहूब जातां येत नाहीं. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनास गेलें. आतां मध्यें उतरावें लागत नाहीं.

आईस मात्र अंतरापेक्षां वेळेचें कोडें मोठें वाटलें. ताई जानेवारींत दुपारीं दोन वाजतां निघाली व तेथील साडेसहाला पोंचली. म्हणजे साडेचार तासांचाच प्रवास, असें आईनें शेजारणीसही सांगून टाकलें. वास्तविक हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. ताईनें विमानांत दहा तास काढले होते. परततांना मात्र उंचावरील पश्चिमेचा वारा पाठीशीं असतो, म्हणून तासभर कमी लागतो. आईला हें पटलें. परंतु ताईची रात्रपाळी संपते तेव्हां आपल्याकडे दुपारचा दीड वाजतो, एवढेंच तिनें ध्यानांत ठेविलें आहे. त्या वेळीं ती टेलिफोनजवळून हलत नाहीं.