करंगळीचं माप

वडील पोलिसात होते. वर्षाचा गोळीबार सराव उरकून आले की त्यांच्या खाकी शर्टाला दारूचा वास यायचा. बंदुकीच्या, दुसरीचं त्यांना वावडं होतं. रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागत, म्हणून माझ्यासाठी ते लक्ष्याचा कागद आणत. गोल नाकाची गोळी कागद कापत नाही, फाडत जाते. .३८च्या त्या झुरमुळल्या भोकात माझी करंगळी जायची.

पुढे एनसीसीत .२२ची रायफल हाती आली. नेम धरायला उस्ताद ‘शिस्त लेना’ म्हणायचे आणि आम्ही मराठी मुली ताठ बसायचो. तिथल्या भोकात पेन्सिलीचं टोक तेवढं जाई. मला ते फारच किरकोळ वाटलं.

म्हणून चाळिशीत क्लबात रिव्हॉल्व्हर धरलं ते .३८ स्पेशलच. सपाट नाकाची वॅडकटर गोळी, १४८ ग्रेन, म्हणजे साडेनऊ ग्रॅम. भोक कसं, पंचिंग मशीननं पाडल्यासारखं. शिवाय भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. मग गोळी जाड असलेली बरी, हा माझा हिशेब.

तो प्रशिक्षकांनी मोडला. सेंटर फायरच्या सामन्यात शंका असलेल्या भोकात ९.६५ मिलिमीटरची मापखुंटी घालून पाहतात, गोळी .३२ची असो की .३८ची. म्हणजे पंचही करंगळीच घालून बघतात म्हणायचं! जाडीचा फायदा संपला, हाताला बसणारा धक्का तेवढा उरला. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस १८९६चं, .३८ स्पेशलहून दोन वर्षांनी मोठं. गोळी शंभर ग्रेनच्या आसपास, धक्का सौम्य. या प्रकारात ते नेमबाजांचं लाडकं का, ते तेव्हा कळलं. २००६च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणानं सेंटर फायरमध्ये ६०० पैकी ५९० गुण केले होते; तो आकडा मी कितीदा मनाशी घोळवला असेल!

माझे गुण मात्र .३२नंही हलेनात. एके दिवशी प्रशिक्षकांनी सहा घरांत तीन काडतुसं आणि तीन रिकाम्या पुंगळ्या भरल्या, चक्री फिरवून मिटवली आणि रिव्हॉल्व्हर माझ्या हाती दिलं. पहिला बार उडाला. दुसऱ्याला घोडा खटकन पडला, आवाज झालाच नाही, आणि नळीचं तोंड मात्र आपसूक खाली गेलं. बार व्हायच्या आधीच मी दचकत होते. एरवी हे धक्क्यात झाकून जायचं. लाजेनं कान तापले.

तेव्हापासून .२२. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, काडतूसही स्वस्त. एक खोड आहे: घोड्याचा ठोका काडतुसाच्या कडेवर बसतो, म्हणून रिकाम्या घरावर चाप ओढायचा नाही. पण हात हलला की लगेच दिसतं, लपवायला धक्काच नसतो. .३८च्या त्या भरदार भोकांची आठवण येते, नाही असं नाही.

परवाचा कागद वडिलांना नेऊन दाखवला. त्यांनी सवयीनं करंगळी भोकाला लावली. ती अर्थातच गेली नाही. मग कागद खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला.

“या दोन खाली गेल्यात,” म्हणाले. “चाप ओढलास. दाबायचा असतो.”