सोनूला खरं सांग

लिंबायत, सुरत

चि. सौ. वहिनीस,


फोनवरच बोलले असते, पण सोनू तुला चिकटून बसून सगळं ऐकतो. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक.

तू माहेरी नंदुरबारला गेलीस ते बरंच केलंस. पण 'पप्पा मुंबईला कामाला गेलेत' हे सोनूला सांगितलंयस, ते मला पटलेलं नाही. आईने मला 'अण्णा अमदाबादला गेलेत' असं सांगितलं होतं. मी चौथीत. दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या मुलीने खरं काय ते सांगून टाकलं. मग कितीतरी महिने मी आईसमोर अमदाबादचं सोंग वठवलं. तिला संशय यायला नको म्हणून 'तिथे ऊन फार असतं का गं?' असंही विचारायचे. बाप आत आहे हे कसंबसं पचलं. आईला सांभाळत बसणं जड गेलं. पोरांना कळतंच. कळलंय हे तेवढं ती आपल्याला कळू देत नाहीत.

शेवटी आजी हट्टाने मला मुलाकातीला घेऊन गेली. तेव्हा तुरुंग शहरातच होता, खटोदऱ्याला. लोक अजून त्या भागाला सबजेलच म्हणतात. दोन जाळ्या, मध्ये हातभर जागा, आणि दोन्हीकडची माणसं एकदम ओरडतायत. कुणी वकिलाच्या फीचं, कुणी खोलीच्या भाड्याचं. अण्णांना काय बोलावं सुचेना. म्हणाले, 'तेराचा पाढा येतो का?' मी जाळीला नाक लावून ओरडून म्हटला. तेरा सातेला अडले, तर पलीकडून भलताच एक कैदी 'एक्क्याण्णव!' म्हणून मोकळा. अण्णा हसले. तोवर माझ्या मनात सिनेमातली अंधारकोठडी होती, साखळ्या होत्या. त्या रात्री पहिल्यांदा धड झोपले.

माझा भाऊ काही साधू नाही. माल दुसऱ्याचा होता, पण टेम्पोत ताडपत्रीखाली काय आहे हे त्याला ठाऊक होतं. नवापूरला दुकानात उघड मिळणारी बाटली गुजरातची हद्द ओलांडली की गुन्हा ठरते, आणि इथे २०१७ पासून दारू वाहून नेण्याला दहा वर्षांपर्यंत सजा आहे. सोनूला एवढंच सांग : पप्पांनी कायदा मोडला, म्हणून त्यांना लाजपोरच्या तुरुंगात ठेवलंय, पुढचं कोर्ट ठरवेल. त्यांना चोर म्हणू नकोस, देवमाणूसही म्हणू नकोस.

अजून तो कच्चा कैदी आहे. देशातल्या दर चार कैद्यांत जवळपास तीन असेच, निकालाची वाट बघणारे. गुन्हा पहिलाच, दुसरी केस नाही, तर जास्तीत जास्त सजेचा तिसरा हिस्सा आत काढल्यावर सोडायची तरतूद नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४७९ मध्ये आहे. वकिलाला विचार. पण दहा वर्षांचा तिसरा हिस्सा धरलास तरी सोनू तोवर चौथीतून सातवीत जाईल. एवढे दिवस मुंबई पुरणार आहे का?

आईबरोबर तुरुंगात राहणारी मुलं सरकार तुरुंगांच्या अहवालात मोजतं. २०२२ अखेर देशभरात १,७६४ होती. बाप आत आणि आपण बाहेर, अशांसाठी त्या अहवालात रकानाच नाही. मला मात्र ती शिकवताना वर्गात ओळखू येतात. पालकसभेच्या दिवशी नेमकं त्यांचं पोट दुखतं. 'श्यामची आई' वाचून दाखवताना मी मुद्दाम सांगते, साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. स्वातंत्र्याचा लढा कुठे आणि दारूचा टेम्पो कुठे, ते मलाही कळतं गं. पण एखादं पोर मान वर करून बघतं, तेवढ्यासाठी सांगते.

ई-मुलाकातीत मोबाइलवर तोंड दिसतं, पण पहिली भेट समोरासमोरच होऊ दे. तुझं आणि सोनूचं आधारकार्ड आण, नोंदणीचं मी बघते. सुरतपर्यंत येऊ नकोस, उधन्यालाच उतर. तिथून सचिनवरून लाजपोरला रिक्षाने जाऊ. आणि त्याला गाडीतच सांग, नवापूर यायच्या आत. घरी सांगायला गेलीस तर तुझी आई मध्ये बोलेल.

तुझी,
ताई