सर्किट झालं, डब्याचं काय?

टेबलावर उघडा पसरलेला ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा छान वाजतो. ट्रान्सफॉर्मर एका कडेला, बोर्ड दुसऱ्या कडेला, मध्ये हातभर वायरी, आणि स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येत नाही. मग तेच सगळं हौसेनं आणलेल्या कॅबिनेटमध्ये बसवून झाकण लावलं, की गुणगुण सुरू. माझ्याकडे येणाऱ्या हौशी मंडळींची गाऱ्हाणी बहुधा एकाच वाक्यानं सुरू होतात : "काका, बाहेर होता तोवर ठीक होता हो." बोर्ड तोच, भाग तेच, सोल्डरिंगही चांगलं. बदललेली असतात ती अंतरं, वायरींचे मार्ग आणि अर्थचे जोड. म्हणजे कॅबिनेटनं सर्किटच बदललेलं असतं. ते नंतर चढवायचं वेष्टन आहे असं समजून चालतो, तिथंच घोळ होतो. सर्किटचा कागद काढला की त्याच दिवशी शेजारी डब्याचाही कागद काढायला घ्यावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतात थोडे.

गुणगुणीची जात आधी कानानं ओळखायची. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. 50 हर्ट्झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. इनपुट शॉर्ट करून स्पीकरमध्ये हा मऊ, जाडसर, एकसुरी घुमारा येत असेल, तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठंतरी घुसतंय किंवा अर्थचा फेरा तयार झालाय. घुमारा मऊ नसून खरखरीत असेल, वरच्या सप्तकातल्या पांढरी पाचवर भर्रर वाजत असेल, तर तो 100 हर्ट्झ. ब्रिज रेक्टिफायर सेकंदाला शंभर वेळा कपॅसिटर भरतो, त्या भरण्याचे धक्के सिग्नलच्या ग्राउंडमध्ये मिसळताहेत. पहिल्या आजारावर उपाय जागा बदलण्याचा, दुसऱ्यावर वायर बदलण्याचा. हे न ओळखता लोक मोठमोठे कपॅसिटर वाढवत बसतात. त्यानं भरण्याचे धक्के आणखी टोकदार होतात आणि भर्रर वाढते.

मग प्रश्न येतो, वीजपुरवठा वेगळ्या डब्यात ठेवावा का? दोन डब्यांचं आकर्षण जुनं आहे, पण हौशी जगात त्याला खरी हवा दिली ती 47 लॅबोरेटरी या जपानी कंपनीच्या गेनकार्डनं. 1999 साली आलेला हा ॲम्प्लिफायर तळहाताएवढ्या ॲल्युमिनियमच्या डबीत होता आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर पॉवर हम्प्टी नावाच्या वेगळ्या डब्यात. लोकांनी उघडून पाहिला तर आत नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम3875 ही बाजारात सहज मिळणारी चिप आणि मोजके भाग. किमतीवरून बोंबाबोंब झाली, आणि जगभर त्याच्या घरगुती नकला निघाल्या. त्यांना गेनक्लोन म्हणतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एलएम3886 मागणारा पोरगा दिसला, तर तो याच वंशातला समजावा.

माझं मत विचाराल तर पॉवर ॲम्प्लिफायरला दुसरा डबा लागत नाही. इनपुटला व्होल्टभर सिग्नल येतो, तो वीस-तीस पटच वाढवायचा असतो. फूटभर रुंद डब्यात नीट मांडणी केली की पुरतं. दुसऱ्या डब्याची खरी गरज रेकॉर्ड प्लेअरच्या फोनो प्रीॲम्पला. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल सुमारे पाच मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइलचा त्याच्याही दहाव्या हिश्श्याचा. शिवाय रेकॉर्डच्या इक्वलायझेशनमध्ये खर्ज मुद्दाम उचललेला असतो, म्हणजे आपली पांढरी पाच आणखी फुगून बाहेर येते. तिथं ट्रान्सफॉर्मर हातभर लांब पाठवावा आणि निवांत व्हावं. ट्रान्सफॉर्मरपासून दूर जाताना त्याचं क्षेत्र झपाट्यानं विरतं : थोडं लांब गेल्यावर अंतर दुप्पट झालं की ते आठव्या हिश्श्यावर येतं. दीड फुटाची केबल जे काम करते, ते महागड्या शील्डिंगलाही सहसा जमत नाही.

दोन डबे करायचेच असतील, तर रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरबरोबरच राहू द्या. केबलमधून फक्त शांत डीसी जावा. नुसता एसी पलीकडे पाठवला, तर ते शंभर हर्ट्झचे धक्के अख्ख्या केबलभर फिरतात आणि डबे वेगळे केल्याचा निम्मा फायदा वाया जातो. कनेक्टरचंही तसंच. पुरवठ्याच्या बाजूला भोकांचा सॉकेट हवा, पिनांचा नको. केबल ओढली गेली तर उघड्या पिनांवर व्होल्टेज राहता कामा नये. माइकला वापरतात तो एक्सएलआर इथं वापरू नये, कधीतरी कुणीतरी त्यात खरोखर माइक लावतो. बाजारात आटे असलेले गोल कनेक्टर मिळतात, दुकानदार त्यांना एव्हिएशन कनेक्टर म्हणतात, ते बरे. ग्राउंडला दोन पिना द्याव्यात, कारण प्लस-मायनस जोडलेले असताना एकटं ग्राउंड सुटलं, तर पुरवठ्याचा तोल जाऊन स्पीकर धोक्यात येतो. आणि संरक्षक अर्थची हिरवी वायर या सगळ्यांपासून वेगळी, एका डब्याच्या पत्र्यापासून दुसऱ्याच्या पत्र्यापर्यंत.

आता एकाच डब्यातली मांडणी. टोरॉइड ट्रान्सफॉर्मर आणला म्हणजे हमचा प्रश्न मिटला, अशी समजूत आहे. टोरॉइडचं क्षेत्र साध्या ईआय ट्रान्सफॉर्मरपेक्षा कमी सांडतं हे खरं, पण सांडतंच, आणि सगळीकडे सारखं नाही. बहुधा जिथून वायरी बाहेर येतात त्या बाजूला जास्त. म्हणून बोल्टचं भोक पाडायची घाई करू नये. वायरी लांब ठेवायच्या, टोरॉइड रबरी चकतीवर सैल ठेवायचा, मेनची टोकं आधी नीट झाकून घ्यायची, सर्किट चालू करायचं, इनपुट शॉर्ट, कान स्पीकरला, आणि टोरॉइड हळूहळू फिरवायचा. घुमारा वाढतो, कमी होतो, एका कोनावर जवळपास नाहीसा होतो. तिथं मार्करनं खूण करायची, वीज काढायची आणि मग ड्रिल. कॉम्प्युटरवर डबा काढणाऱ्या तरुणांना हे गावठी वाटतं. पण त्यांच्या थ्री-डी चित्रात हा कोन दिसत नाही.

टोरॉइडचा मधला बोल्ट हा वेगळाच सापळा. बोल्ट तळाच्या पत्र्याला धरलेला असतो. त्याचं वरचं टोक वरच्या झाकणाला टेकलं, की पत्रा, बोल्ट आणि झाकण मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती धातूचा एक पूर्ण वेढा होतो. तो दुय्यम गुंडाळीचा शॉर्ट झालेला एक वेढाच. त्यातून प्रचंड करंट धावतो, फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरच जातो. हा दोष टेबलावर कधीच दिसत नाही, झाकण लावल्यावरच दिसतो. बोल्ट आणि झाकण यांत बोटभर फट ठेवायची, विषय संपला.

पत्र्याबद्दल लोक फार भावुक असतात. ॲल्युमिनियम देखणं, हलकं, कानशीला आणि ड्रिलला सोपं. रेडिओ लहरी आणि विद्युत क्षेत्र ते उत्तम अडवतं. पण 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे दोन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचं काही चालत नाही. त्या कंपनसंख्येला या धातूची भेदनखोलीच बारा मिलिमीटरच्या आसपास आहे. तिथं लोखंडी पत्रा हवा, कारण तो क्षेत्र स्वतःत ओढून वळवतो. आपल्याकडे हौशी लोक स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात प्रीॲम्प बसवतात. कल्पना झकास आहे, घट्ट झाकण फुकट मिळतं. फक्त आधी फ्रिजवरचं चुंबक त्याला लावून पाहावं. बहुतेक भांड्यांचं स्टेनलेस चुंबकाला धरत नाही, म्हणजे हमसाठी तो डबा असून नसल्यासारखा. मी सहसा बाहेरून ॲल्युमिनियम घेतो आणि आत ट्रान्सफॉर्मर व बोर्ड यांच्यामध्ये साध्या एमएस पत्र्याची उभी भिंत घालतो. लाकडी कॅबिनेट हवं असेल तर जरूर करावं, पण आत धातूची चॅसिस हवीच. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंचं लाकूडही शोभेचं होतं, काम आतल्या चॅसिसचं.

तयार कॅबिनेट मिळतात, पण त्यांची भोकं दुसऱ्याच कुणाच्या सर्किटसाठी पाडलेली असतात. आता भोसरी-चिंचवडकडे लेझर कटिंगची छोटी युनिटं आहेत, ड्रॉइंग दिलं की पत्रा कापून, वाकवून, पावडर कोटिंग करून देतात. एकच नग घ्यायला कुणी कंटाळतात, म्हणून चार मित्रांनी मिळून द्यावं. ड्रॉइंगमध्ये वाकवण्याची जागा सोडायला विसरू नका. पत्र्याच्या घडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर खर्ची पडतात आणि मागची पट्टी बसत नाही. व्हॉल्यूमचा पॉट समोर बसवण्याचा मोहही ड्रॉइंगमध्येच आवरावा. तो मागे, इनपुट सॉकेटच्या शेजारी बसवून सहा मिलिमीटरच्या लांब दांड्यानं समोर आणला, की सिग्नलची वायर डबाभर हिंडत नाही. पॉवर स्विचही शक्यतो मागे. जुन्या सेटमध्ये व्हॉल्यूमला जोडून स्विच असायचा, टक् करून चालू होणारा, आणि 230 व्होल्ट नेमके सगळ्यात नाजूक जागी येऊन बसायचे.

पावडर कोटिंगवरून अर्थिंग आठवलं. रंगाचा तो थर इन्सुलेटर आहे, ॲनोडायझिंगचाही. अर्थचा बोल्ट रंगावर कसून आवळला, तर मल्टीमीटर काहीही दाखवतो. बोल्टभोवतीचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडायचा, दातेरी वॉशर घालायचा, वर नट, आणि हा बोल्ट दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. मेनच्या तीन वायरींत हिरवी सर्वांत लांब ठेवायची, केबल हिसकली गेली तर ती शेवटी तुटावी म्हणून. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, ॲम्प्लिफायर परत देतो. अर्थचा फेरा तोडायला सुरक्षित रस्ता आहे : पत्रा थेट अर्थला, आणि सर्किटचं ग्राउंड त्या पत्र्याला दहा ओहमचा रेझिस्टर व त्याला समांतर दणकट ब्रिज रेक्टिफायर यांमधून. लहान व्होल्टेजला रेझिस्टर अडवतो, दोष झाला तर डायोड करंट वाहून नेतात आणि फ्यूज उडतो. इनपुटचे सॉकेट मात्र नायलॉनच्या वॉशरवर, पत्र्यापासून अलग. आणि सिग्नलचं ग्राउंड दोन मोठ्या कपॅसिटरच्या मधल्या पट्टीवरून घ्यायचं नाही. त्या पट्टीतूनच धक्के धावतात. तिथून एक छोटी वायर बाहेर काढून तिच्या टोकाला सगळी ग्राउंड जोडावीत; भर्रर तिथंच मरते.

उष्णतेचं गणित परदेशी चित्रांवरून उचललं की फसतं. एलएम3886 ला प्लस-मायनस 28 व्होल्ट आणि आठ ओहमचा स्पीकर असेल, तर एका चिपमध्ये जास्तीत जास्त सुमारे 20 वॉट उष्णता होते, तीही पूर्ण आवाजावर नाही, त्याच्या निम्म्याहून कमी पॉवरवर. स्टिरिओला 40, रिकामं बसण्याचा खर्च धरून 45. वॉटमागे 0.8 अंश चढणारा हीटसिंक घेतला तर तो खोलीपेक्षा 36 अंशांनी तापेल. ज्यानं खोली 25 अंश धरली, त्याचा हीटसिंक 61 वर थांबतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला दुपारी 45 असतात. तिथं 81, आणि चिपच्या आत त्याहून बरंच वर. चार ओहमचे स्पीकर लावले की चिपमधली उष्णता जवळपास दुप्पट, मग चिपमधलं संरक्षण मैफलीच्या मध्येच आवाज तोडायला लागतं. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला मी एक माप मोठा हीटसिंक सांगतो, डब्याच्या बाहेर, पाती उभी. आडव्या पात्यांत हवा अडकते. एलएम3886 टी या प्रकाराची धातूची पाठ मायनस पुरवठ्याला जोडलेली असते, हेही ध्यानात असावं. अभ्रकाची चकती आणि स्क्रूचा प्लास्टिक बुश न घालता ती अर्थ केलेल्या हीटसिंकवर आवळली, तर चालू करताच फ्यूज जातो. प्लास्टिकच्या पाठीचा टीएफ प्रकार मिळाला तर हा ताप वाचतो.

हवेची भोकं तळाला आणि झाकणाला, दोन्हीकडे हवीत, आणि खाली बोटभर उंचीचे रबरी पाय. भोकं तीन मिलिमीटरच्या वर नकोत. मोठ्या खाचांतून पालीचं पिल्लू आत जातं, उबेला बसतं, आणि मेनच्या दोन टोकांवर एकाच वेळी पाय ठेवतं. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत लोखंडी पत्र्याच्या कापलेल्या कडांना प्रायमर लावून घ्यावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात गंज धरतो. एवढी सगळी काळजी घेऊन ॲम्प्लिफायर घरी गेला, की त्यावर क्रोशाचा रुमाल पडतो आणि रुमालावर फुलदाणी. याला इंजिनिअरिंगमध्ये उत्तर नाही. मी झाकणाला हलका उतार देऊन पाहिला. फुलदाणी गेली, रुमाल राहिला.

सगळं बसवून झालं की पहिल्यांदा थेट वीज देऊ नये. शंभर वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालावा. असे बल्ब आता शोधावे लागतात, मिळाले तर दोन जास्तीचे घेऊन ठेवा. बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर कपॅसिटर भरले, पुढं जा. पेटलेलाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि तो तुमचा ट्रान्सफॉर्मर नव्हे, बल्ब झेलतोय. मग स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा, पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर लावा, आधी जुना, मग चांगला. झाकण लावून दोन तास वाजवा, हीटसिंकला हात लावून पाहा. एवढं झाल्यावरच समोरची पट्टी कोरायला द्यावी. आधी दिली, तर नाव चुकीच्या जागी येईल या भीतीनं माणूस एकही भोक हलवायला तयार होत नाही.