थोडक्यात बचावले

टोर्नेडोच्या पोटात डोकावून परत आलेल्यांत सर्वांत चांगली साक्ष एका शेतकऱ्याची आहे. विल केलर, ग्रीन्सबर्ग, कॅन्सस. तारीख 22 जून 1928. गारपिटीनं गव्हाची नासाडी केलेली, तीच बघत घरची मंडळी बाहेर उभी होती. पश्चिमेला काळपट-हिरवा ढग आणि त्याखाली लोंबणाऱ्या तीन सोंडा. त्यातली एक सरळ घराच्या रोखानं येत होती. केलरनं सगळ्यांना तळघरात उतरवलं. स्वतः मात्र दारातच थांबला, दार लावण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून. सोंडेचं टोक जमिनीवरून हळूहळू उचललं गेलं आणि नेमकं त्याच्या डोक्यावर आलं.

वारा एकदम थांबला, गॅससारखा उग्र वास आला, श्वास घेणं जड झालं. वर पाहिलं तर पन्नास ते शंभर फूट रुंदीचं गोल विवर, त्याच्या अंदाजानं अर्धा मैल तरी सरळ वर गेलेलं. भिंती फिरत्या ढगांच्या, आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर सतत वीज नागमोडी धावत होती, त्यामुळे आतलं सगळं लख्ख दिसत होतं. खालच्या कडेला छोट्या छोट्या सोंडा तयार होत होत्या, फुत्कारत सुटत होत्या. मोठी सोंड घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत होती, पण छोट्यांपैकी काही सुलट फिरत होत्या, हेसुद्धा या माणसानं टिपून ठेवलं. डॉज सिटीच्या हवामान कार्यालयातल्या अलोन्झो जस्टिस यांनी हा जबाब 1930 मध्ये 'मंथली वेदर रिव्ह्यू'त छापला. अशा वेळी छोट्या सोंडांची दिशा बघणारा माणूस साक्षीदार म्हणून लाखात एक.

याच जबाबात शेजाऱ्यांचीही हकिगत आहे आणि मला ती जास्त आवडते. केलरच्या घरावरून उचललेली सोंड पुढे जाऊन पुन्हा खाली टेकली, शेजाऱ्याच्या घरावर. ते कुटुंबही गहूच बघायला बाहेर पडलं होतं. परत फिरायला वेळच नव्हता. जमिनीवर पालथे पडले आणि हाताशी आलेली रानटी आलुबुखाराची झुडपं घट्ट धरली. अंग जमिनीवरून उचललं जात असल्याचं त्यांना जाणवत होतं. वर स्वतःच्या घराचे तुकडे गरगर फिरत होते आणि त्यात स्वयंपाकघरातली लोखंडी चूल होती. कुणाला इजा झाली नाही. घरात असते तर?

*

तेच ग्रीन्सबर्ग, 4 मे 2007 ची रात्र. या वेळी टोर्नेडोची रुंदी पावणेदोन मैलांच्या आसपास, म्हणजे गावापेक्षा वादळ मोठं. सुमारे 95 टक्के गाव साफ झालं. नव्या ईएफ मोजणीतला हा पहिला ईएफ-5, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा. तरी वस्ती दीड हजारांच्या आसपास आणि मृत्यू अकरा-बारा. वीसेक मिनिटं आधी इशारा मिळाला होता, भोंगे वाजत होते, आणि कॅन्ससमध्ये बहुतेक घरांना तळघर असतं. म्हणजे त्या रात्री हजारावर माणसं वाचली आणि त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट एका वाक्यात संपते: भोंगा वाजला, खाली गेलो, वर आलो तर घर नव्हतं. अशी गोष्ट कोण छापणार?

*

एक घर भुईसपाट आणि शेजारचं जसंच्या तसं. दर टोर्नेडोनंतर हा फोटो येतो, आणि 'देवाची कृपा' हे शब्दही फोटोबरोबरच येतात. याचं उत्तर शिकागो विद्यापीठाच्या टेड फुजितांनी दिलं. ते विमानातून मक्याची शेतं न्याहाळायचे. शेतांत वेटोळ्यांचे ठसे दिसत. आधी लोकांना वाटायचं, फरपटत गेलेल्या वस्तूंनी ते ओरखडे काढलेत. फुजितांनी दाखवून दिलं की मोठ्या भोवऱ्याच्या आत काही छोटे, जास्त वेगवान भोवरे फिरत असतात. ज्या पट्ट्यातून छोटा भोवरा जातो तिथलं घर जातं, आणि दहा पावलांवरचं राहतं. केलरनं कडेला पाहिलेल्या फुत्कारणाऱ्या सोंडा बहुधा याच.

फुजिता मूळचे जपानच्या क्यूशू बेटावरचे. 1945 मध्ये ते तोबाता इथल्या तांत्रिक महाविद्यालयात शिकवत होते, कोकुराला अगदी लागून. 9 ऑगस्टच्या अणुबॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं. वर धूर-धुकं दाटलेलं, खालचं दिसेना, म्हणून विमानानं घिरट्या घातल्या आणि ते नागासाकीकडे वळलं. पुढे नागासाकीच्या विध्वंसाची पाहणी करायला फुजिता स्वतः गेले, आणि पडझडीवरून वाऱ्याचा माग काढायची नजर त्यांना तिथेच मिळाली. टोर्नेडोची एफ मोजपट्टी त्यांनी 1971 मध्ये बनवली. प्रत्यक्ष टोर्नेडो मात्र त्यांना पहिल्यांदा दिसला 1982 मध्ये.

*

आता बचावाची सर्वांत घातक गोष्ट. 26 एप्रिल 1991, कॅन्सस टर्नपाइक, एल डोराडोजवळ. मागून टोर्नेडो येतोय म्हणून एका वाहिनीची माणसं आणि काही प्रवासी हायवेवरच्या पुलाखाली शिरतात, उतारावरून वर चढून तुळयांच्या बेचक्यात बसतात. कॅमेरा चालू. गर्जना, धूळ, आरडाओरडा आणि मग शांतता. सगळे सुखरूप. ही फीत जगभर दाखवली गेली. ज्यानं पाहिली त्यानं मनात गाठ मारून ठेवली: रस्त्यात गाठलं तर पुलाखाली जायचं.

फितीत न दिसणाऱ्या गोष्टी अशा. तो टोर्नेडो त्यामानानं दुबळा होता आणि पुलाच्या बाजूनं गेला, थेट वरून नाही. त्या पुलाची बांधणीही वेगळी, वर शिरायला सांदी आणि धरायला तुळया असलेली. बहुतेक पुलांना यातलं काहीच नसतं. तिथे असतो फक्त काँक्रीटचा गुळगुळीत उतार, आणि वर जावं तसा वारा वाढत जातो, कारण पुलाखालच्या अरुंद जागेतून तो चेपून निघतो. त्याच्याबरोबर येतात पत्रे, वासे, काचा.

3 मे 1999 ला ओक्लाहोमात याचा हिशेब झाला. लोक गाड्या रस्त्यात सोडून पुलांखाली शिरले. तीन पुलांखाली मिळून तीन माणसं गेली, प्रत्येक ठिकाणी एक, आणि कित्येक जण कायमचे जायबंदी झाले. पुलाखाली थांबलेल्या गाड्यांनी मागच्यांची वाटही अडवली. त्या दिवशी मूर शहरातून गेलेल्या टोर्नेडोत फिरत्या रडारनं ताशी 300 मैलांच्या आसपास वारा मोजला होता. त्यानंतर हवामान खात्याच्या नॉर्मन कार्यालयाला या एका समजुतीविरुद्ध वेगळी मोहीमच चालवावी लागली. तरी आजही वादळ आलं की पुलांखाली गाड्यांची गर्दी होते. फीत पाहिलेल्यांची संख्या पत्रक वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, दुसरं काय?

त्याच 26 एप्रिलला, त्याच कॅन्ससमध्ये, अँडोव्हरला एफ-5 आला. मृत्यू सतरा, त्यांतले तेरा एकाच मोबाइल होम वस्तीतले. त्याच वस्तीच्या सामाईक तळघरात दोनेकशे लोक दाटीवाटीनं बसले आणि वाचले. पूल जगाच्या लक्षात राहिला. तळघराची फीत नव्हती.

*

मिसुरी, मार्च 2006. मोबाइल होममधला एकोणीस वर्षांचा मुलगा वाऱ्यानं उचलला आणि 1,307 फुटांवर गवतात नेऊन टाकला. डोक्याला जखम, बाकी ठीक. गिनेस बुकात नोंद आहे. यातून घेण्यासारखं काहीही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

टोपीका, कॅन्ससची राजधानी. शहराच्या नैर्ऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी. ती आहे तोवर शहराला टोर्नेडोचं भय नाही अशी जुनी श्रद्धा. 8 जून 1966 ला टोर्नेडो नेमका त्या टेकडीवरूनच शहरात उतरला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला. टीव्हीवर त्या वेळी बिल कर्टिस हा तरुण होता, वॉशबर्न विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी. त्यानं देवाची शपथ घालून लोकांना आडोशाला जायला सांगितलं. ते बातमी देणं नव्हतं, विनवणी होती, आणि लोक हलले. शहराचा एवढा मोठा पट्टा उद्ध्वस्त होऊन मृत्यू वीसच्या आत राहिले. वॉशबर्नचा परिसर मात्र मोडून पडला.

तळघराचा नैर्ऋत्य कोपरा सर्वांत सुरक्षित, हे एकोणिसाव्या शतकापासून पुस्तकांत छापून येत होतं. टोपीकाची पडझड एकेका घरानिशी तपासली तेव्हा तो कोपरा उलट वाईट निघाला. खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे हवेचा दाब सारखा होईल, हा सल्लाही असाच मोडीत निघाला. दाबामुळे घर फुटत नाही. वारा आत शिरतो आणि छप्पर उचलतो.

*

टेक्सासमधलं लबक. 11 मे 1970 ला टोर्नेडोनं तिथे 26 माणसं घेतली. टेक्सास टेक विद्यापीठ त्याच गावातलं. तिथले इंजिनिअर ढिगाऱ्यातून फिरले. वाचलेल्यांना विचारत बसण्याऐवजी त्यांनी उभं काय राहिलंय ते बघितलं. घर गेलंय, पण मधोमध एक बाथरूम किंवा कपड्यांची कोठडी शाबूत, हे पुन्हा पुन्हा दिसलं. त्यातून घरातल्याच एका छोट्या खोलीला काँक्रीट-पोलादानं बळकट करायची कल्पना आली. आता त्या विद्यापीठात हवेच्या दाबावर चालणारी तोफ आहे. ती पंधरा पौंडी लाकडी वासा ताशी 100 मैलांनी भिंतीवर मारते. भिंत टिकली तर पास.

आम्ही राहतो त्या डॅलसच्या बाजूला तळघरं सहसा नसतात. माती चिकण, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे आमचा आडोसा म्हणजे जिन्याखालची कोठडी. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला डॅलसचे भोंगे तपासणीसाठी वाजतात. त्यांची इतकी सवय होते की कुणी मान वर करत नाही. 20 ऑक्टोबर 2019 ची गोष्ट वेगळी. रविवारची रात्र, दिवाळी आठवड्यावर, भारतातून आलेली आई चकलीची भाजणी डब्यात भरत होती. भोंगा वाजला तेव्हा कोठडीत दोन मोठ्या सूटकेसी, तांदळाचं पोतं, जुना हीटर आणि गणपतीच्या मखराचं खोकं. "अरे, आधी त्या बॅगा काढ, मग हवामान बघ," आई म्हणाली. मी फोनवर रडार बघत उभा होतो. शेवटी तांदळाच्या पोत्यावर ती बसली, डोक्यावर मुलाचं सायकलचं हेल्मेट, मांडीवर गोळ्यांचा डबा आणि पासपोर्टचं पाकीट. टोर्नेडो आमच्यापर्यंत आला नाही. उत्तर डॅलसमधून गेला तो ईएफ-3 होता आणि त्यात एकही माणूस दगावला नाही. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाची मॅच चालू होती म्हणून लोक घरात होते, असंही तेव्हा बरेच जण म्हणाले. सूटकेसी दुसऱ्या दिवशी पुन्हा कोठडीत.

*

इलिनॉयमधल्या रोआनोकजवळ पार्सन्स कंपनीचा कारखाना. 13 जुलै 2004 ला एफ-4 टोर्नेडोनं तो जमीनदोस्त केला. आत दीडशेच्या आसपास माणसं होती आणि सगळी जिवंत. मालकानं कारखाना बांधतानाच स्वच्छतागृहांच्या भिंती आणि छत काँक्रीटचं करून घेतलं होतं, लोकांकडून सराव करून घेतला होता, आणि आभाळ बघायला माणूस नेमला होता. सरावाला नाकं मुरडणारे तिथेही असणारच.

*

26 एप्रिल 1989, बांगलादेश, मानिकगंज जिल्ह्यातलं साटुरिया. मृत्यू सुमारे तेराशे, टोर्नेडोच्या ज्ञात इतिहासातले सर्वांत जास्त. 1996 च्या मे महिन्यात टांगाईलकडे आणखी सातशेच्या आसपास. आपल्याकडे 17 मार्च 1978 ला दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून गेलेला टोर्नेडो जेमतेम तीन मिनिटांचा होता, तरी अठ्ठावीस माणसं गेली. बंगालच्या गावांत छप्पर पत्र्याचं, भिंती कुडाच्या, तळघराचा प्रश्नच नाही. उडालेला पत्रा कोयत्यासारखा लागतो. तिथेही झाडाला मिठी मारून, तळ्यात बुडी घेऊन वाचलेले असतीलच. त्यांचा जबाब घ्यायला अलोन्झो जस्टिस नव्हता.

*

मूरला 20 मे 2013 ला ईएफ-5 येऊन गेला, शाळकरी मुलं दगावली. त्यानंतर अकराच दिवसांनी, 31 मे ला, एल रेनोचा टोर्नेडो. लोकांनी मूर ताजं पाहिलेलं. घरात थांबायची कुणाची छाती होईना. ओक्लाहोमा सिटीच्या भागात हजारो जण गाड्या काढून दक्षिणेकडे निघाले आणि हायवे तुंबले. गाड्या जागच्या हलत नव्हत्या, आणि पश्चिमेला 2.6 मैल रुंदीचा, आजवरचा सर्वांत रुंद टोर्नेडो शेतांवरून चालला होता. वर्षानुवर्षं टोर्नेडोंच्या वाटेत यंत्रं ठेवणारे टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्याच संध्याकाळी गाडीत मारले गेले. तो अचानक वळला आणि फुगला, त्यांना निसटता आलं नाही. हवामान वाहिनीच्या माइक बेटीसची गाडी दोनेकशे यार्ड फेकली गेली, तो वाचला.

टोर्नेडो शहराच्या गर्दीत शिरण्याआधीच विरला. फिरत्या रडारनं त्यात ताशी 300 मैलांच्या जवळपास वारा मोजला होता. पण मोजणी पडझडीवरून करायची असते, आणि शेतांत पाडायला फारसं काही नव्हतं. त्यामुळे सरकारी नोंदीत तो ईएफ-3 आहे.