'बेफाम' कोणाला म्हणावे?

१/ आमच्या परळीत पाऊस बेफाम कोसळतो, बैल बेफाम उधळतो, वरातीतली पोरे बेफाम नाचतात. जे आवरता येत नाही ते बेफाम, हा अर्थ आपण शाळेत न शिकताच जाणतो. जुन्या मराठीतला 'बेफाम' मात्र निराळाच माणूस आहे.

२/ 'बे' हा फारसीतला नकारवाचक उपसर्ग. 'फाम' म्हणजे मूळचा अरबी 'फह्म', फारसीच्या वाटेने मराठीत आलेला : समज, जाणीव. तेव्हा ज्याला जाणीव नाही, तो बेफाम. म्हणजेच गाफील, बेसावध.

३/ एप्रिल १६६३ मधला लाल महाल आठवा. मध्यरात्री छापा पडला तेव्हा शायिस्ताखान निर्धास्त होता. जुन्या वळणाचा लेखक 'खान बेफाम होता' असे लिहून जाईल. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र चवताळलेला खान उभा राहील. शब्द तोच, प्रसंग उलटा.

४/ अर्थ असा का सरकला असावा? मला वाटते, धोक्याचे भान नसणे आणि परिणामांचे भान नसणे यांत अंतर थोडे आहे. परिणामांचा विसर पडला की आवर सुटतो. 'बेभान'ही याच वाटेचा. तिथे फारसी 'बे' संस्कृत 'भान'शी जोडला गेला. 'बेलगाम'मध्ये लगाम दुसऱ्याच्या हाती असतो; 'बेफाम'मध्ये तो स्वतःच्या समजेत असतो.

५/ मोडी शिकताना एक गोष्ट पक्की ध्यानात आली : अक्षर लागले म्हणजे अर्थ लागला असे होत नाही. आज एखाद्या जुन्या पत्राचे छायाचित्र फिरू लागते, त्यातली एक ओळ उचलून कोणाला तरी क्रूर, उन्मत्त ठरवले जाते आणि त्यावर जातीपातीची भांडणे पेटतात. ती ओळ कदाचित बेसावधपणी मारल्या गेलेल्यांविषयी असेल. एका शब्दाने मार खाणारा मारणारा ठरतो.

६/ म्हणून विनंती एवढीच : पुढे पाठवण्यापूर्वी मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडावा. दोन्ही महाजालावर विनामूल्य आहेत. तेवढा धीर धरला नाही, तर दोन्ही अर्थांनी बेफाम आपणच.